टेस्ला कॉइलचा स्पार्क गॅप शांत कसा करायचा: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

टेस्ला कॉइल म्हणजे अतिउच्च व्होल्टेज तयार करून हवेत लांब ठिणग्या सोडणारं यंत्र, आणि स्पार्क गॅप म्हणजे त्याच्या सर्किटमधली, ठिणगी उडवून सर्किट जोडणारी धातूच्या टोकांमधली फट. स्पार्क गॅपवर चालणाऱ्या टेस्ला कॉइलमधून दोन आवाज येतात. वरच्या टोपीतून हवेत झेपावणाऱ्या ठिणग्यांची तडतड हा पहिला आवाज. तो हवाहवासाच असतो, आणि त्याला झाकताही येत नाही. दुसरा आवाज खाली, प्रायमरीच्या (खालच्या जाड तारेच्या गुंडाळीच्या) बाजूला बसलेल्या स्पार्क गॅपचा. कानठळ्या बसवतो तो हाच. नवीन मंडळींना बहुतेकदा वाटतं की सगळा गोंगाट वरूनच येतोय. गॅप नीट बांधून पेटीत घातला, की कॉइल किती वेगळी ऐकू येते हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

फ्लॅटमध्ये किंवा चाळीत राहणाऱ्यांसाठी हा फक्त सोयीचा मुद्दा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. उघडा गॅप ती सहज ओलांडतो. शिवाय त्या आवाजात तासन्तास काम केलं तर कानांचं कायमचं नुकसान होतं. या लेखातलं सगळं करूनसुद्धा इअरमफ घालायचेच.

आधी जिवाचं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. कॉइलला वीज देणारा ९ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपियरचा निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर माणसाचा जीव घेऊ शकतो. घरातला आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) या बाबतीत तुम्हाला वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी बाजूला बसलेला झटका मेन्सच्या बाजूला गळती म्हणून दिसतच नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर नवशिक्याने या कामाला अजिबात वापरू नये. त्याचा करंट शेकडो मिलिअँपियरपर्यंत जातो आणि त्याच्या झटक्यानंतर बहुधा दुसरी संधी मिळत नाही.

टँक कपॅसिटर (प्रायमरीला जोडलेला, वीज साठवणारा) स्विच बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो. म्हणून प्रत्येक कपॅसिटरवर उच्च व्होल्टेजचा १० मेगाओहमचा रेझिस्टर कायमचा जोडलेला हवा. तरीही हात लावण्याआधी प्लग काढायचा, थोडं थांबायचं, आणि लांब इन्सुलेटेड मुठीच्या धातूच्या दांडीने कपॅसिटरची टोकं शॉर्ट करून ती दांडी तशीच लावून ठेवायची. कॉइल एकट्याने चालवू नये. सोबतच्या माणसाला मेन स्विच कुठे आहे ते माहीत असावं. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला त्या खोलीत येऊ देऊ नये.

आवाज येतो कुठून

गॅपच्या दोन टोकांमधली हवा फुटते तेव्हा शेकडो अँपियरचा करंट केसाएवढ्या वाटेने धावतो. ती हवा क्षणात हजारो अंशांपर्यंत तापते, फुगते आणि आजूबाजूच्या हवेला धक्का देते. ढगांच्या गडगडाटाचं कारणही हेच. आपल्याकडे ५० हर्ट्झचा पुरवठा असल्यामुळे हे दर सेकंदाला निदान शंभर वेळा होतं आणि कानाला सलग कर्कश फाटल्यासारखा आवाज येतो.

आकड्यांत सांगायचं तर ९ किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर व्होल्टेज सुमारे १२.७ किलोव्होल्ट असतं. टँक कपॅसिटर १६ नॅनोफॅरॅडचा धरला, तर प्रत्येक ठिणगीला साधारण १.३ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. प्रायमरी ३० मायक्रोहेन्रीची असेल तर शिखर करंट ३०० अँपियरच्या आसपास जातो आणि सर्किट २३० किलोहर्ट्झला आंदोलन करतं. त्या १.३ ज्यूलमधली जितकी ऊर्जा गॅपमध्ये जळेल, तितकी उष्णता आणि आवाज जास्त, आणि वरच्या ठिणग्या तितक्या आखूड. म्हणजे आवाज कमी करण्याचा पहिला उपाय पेटी नसून गॅप चांगला बांधणं हा आहे.

इथे क्वेंचिंगचा प्रश्न येतो. क्वेंचिंग म्हणजे ठिणगी वेळेवर विझणं. प्रायमरीतली ऊर्जा चार-पाच आवर्तनांत, साधारण २० मायक्रोसेकंदांत, कॉइलच्या सेकंडरीत (वरच्या उंच गुंडाळीत) पोचते. त्या क्षणी गॅप विझला तर ती वरच राहते. विझला नाही तर ती परत खाली येते आणि पुन्हा गॅपमध्ये जळते. विझण्यासाठी थंड धातू आणि ताजी हवा लागते. पण हवा आत-बाहेर जाण्याची वाट हीच आवाजाचीही वाट असते. शांत गॅप बांधणं म्हणजे हा पेच सोडवणं, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हा पेच जुना आहे. १९०६ मध्ये माक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाला आढळलं की अगदी आखूड गॅपमध्ये ठिणगी फार लवकर विझते. त्यावरून टेलिफुंकेन कंपनीने तांब्याच्या जाड चकत्या एकमेकींपासून जेमतेम ०.२ मिलिमीटर अंतरावर, मध्ये अभ्रकाची कडी घालून, एकावर एक रचल्या. ठिणग्या त्या बंद फटींतच होत, त्यामुळे तो रेडिओ प्रेषक (संदेश पाठवणारं यंत्र) त्या काळच्या उघड्या गॅपच्या तुलनेत खूपच शांत होता. टायटॅनिकवरच्या मार्कोनी रेडिओ संचाचा गॅप मात्र फिरता होता. त्याच्या आवाजात ऑपरेटरला हेडफोनमधलं काही ऐकू आलं नसतं, म्हणून प्रेषकासाठी शेजारी वेगळी ध्वनिरोधक खोली होती. वीनने गॅप बदलला, जहाजावर खोली बदलली. आपण दोन्ही थोडं थोडं करणार आहोत.

पहिली पायरी: एका लांब फटीऐवजी अनेक आखूड फटी

दोन बोल्ट समोरासमोर ठेवून केलेला गॅप सर्वांत सोपा, सर्वांत कर्कश आणि विझायला सर्वांत आळशी. त्याऐवजी तांब्याच्या सहा नळ्या शेजारी शेजारी मांडायच्या. मध्ये पाच फटी तयार होतात. एकूण अंतर तेवढंच राहतं, पण प्रत्येक ठिणगी आखूड होते आणि तिची उष्णता दहा पृष्ठभागांवर वाटली जाते.

साधारण २२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची जाड तांब्याची नळी एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे मिळते. तिचे ७५ मिलिमीटरचे सहा तुकडे कापा. कडा कानसीने गोल करा आणि आतून-बाहेरून बारीक पॉलिश पेपर फिरवा. टोकदार कड राहिली तर सगळ्या ठिणग्या तिथेच गोळा होतात, तेवढाच भाग तापतो आणि गॅप अडखळत चालतो. नळीच्या संपूर्ण लांबीवर ठिणगी भटकत राहिली पाहिजे.

नळ्या बसवायला ६ मिलिमीटर जाडीची हायलम शीट (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी कडक शीट) घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला म्हणजे भडकमकर मार्गावर, पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली तर शीट, पितळी बोल्ट आणि लग (तारेच्या टोकाला लावायची धातूची कडी) एका फेरीत जमतात. पीव्हीसी कापायला सोपं असलं तरी उष्णतेने मऊ पडतं आणि ठिणगीच्या अतिनील प्रकाशाने ठिसूळ होतं. लाकडावर ओल धरली की काळा, करंट वाहून नेणारा माग उमटतो. दोन्ही गॅपच्या जवळ नकोत.

प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांपासून १२ मिलिमीटरवर एक भोक पाडा. बोल्टचं डोकं नळीच्या आत आणि नट शीटखाली, असं ठेवलं की खालून सैल-घट्ट करता येतं. शीटमधली भोकं लांबट ठेवा, म्हणजे नळ्या सरकवता येतील. दोन नळ्यांच्या मधोमध, फटीच्या बरोबर खाली, शीटमध्ये ५ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर लांब चीर पाडा. या चिरांमधून हवा खेचली जाणार आहे.

जोडणीला सोल्डर वापरू नका, ते वितळतं. लग आणि पितळी बोल्टच ठेवा. गॅपपासून कपॅसिटर आणि प्रायमरीपर्यंतच्या तारा आखूड आणि रुंद हव्यात. तांब्याची पट्टी उत्तम.

दुसरी पायरी: फट लावणं

गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात ते फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घ्या. ०.७ मिलिमीटरची पाती दोन नळ्यांमध्ये ठेवून बोल्ट आवळा, आणि फट दोन्ही टोकांना सारखी आहे ना ते तपासा. अशा एका फटीला फुटायला साधारण ३ किलोव्होल्ट लागतात. म्हणजे १२.७ किलोव्होल्टच्या शिखराला चार फटींच्या आसपास काम होतं. पण हा आकडा फक्त सुरुवातीसाठी. आर्द्रता, तापमान आणि नळ्यांचा पृष्ठभाग यांनी तो बदलतो, त्यामुळे फटींची संख्या प्रत्यक्ष लावूनच ठरवायची.

त्याची रीत अशी. प्लग काढा, कपॅसिटर शॉर्ट करून सर्किटमधून पूर्ण बाजूला करा. ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं फक्त गॅपला जोडा, पहिली आणि चौथी नळी घेऊन, म्हणजे तीन फटी होतील. लांब उभं राहून डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू पूर्ण २३० पर्यंत न्या. गॅप स्थिर पेटला तर दोन-चार सेकंदांत बंद करा, प्लग काढा, टोक पाचव्या नळीला न्या. असं करत ज्या फटीसंख्येला गॅप पेटेनासा होतो, त्याच्या आधीची संख्या कायम ठेवा. दिव्याचा डिमर डिमरस्टॅटच्या जागी चालत नाही.

जास्त लांब ठिणगीच्या हव्यासाने एखादी फट वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा. गॅप पेटला नाही तर कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यातल्या रेझोनन्सने (एकमेकांशी जुळून वाढत जाणाऱ्या आंदोलनाने) व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या वर चढतं आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटतं. जुने लोखंडी गाभ्याचे निऑन ट्रान्सफॉर्मर आता मिळणं अवघड झालंय, एलईडीच्या पाट्यांनी निऑनची जागा घेतली आहे. असलेला जपायला हवा. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक टोकापासून अर्थ केलेल्या बॉडीपर्यंत एक वेगळा सुरक्षा गॅप ठेवा. तो एकट्या ट्रान्सफॉर्मरवर जेमतेम पेटणार नाही इतकाच रुंद असावा.

मुख्य गॅप ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांमध्ये समांतर जोडा, आणि कपॅसिटर-प्रायमरीची मालिका त्या गॅपच्या पलीकडे. गॅप पेटला की ट्रान्सफॉर्मरची टोकं त्या क्षणी शॉर्ट होतात आणि उच्च वारंवारतेचा मारा त्याच्यावर कमी येतो.

तिसरी पायरी: पेटी

आता पेटीचं. आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबलने आवाज घटतो. पण वजनापेक्षाही भोकं महत्त्वाची. पेटीच्या पृष्ठभागापैकी फक्त एक टक्का उघडा राहिला, तर भिंत कितीही जाड असो, घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. आपली पेटी आतून ३०० × २५० × २५० मिलिमीटर धरली तर पृष्ठभाग सुमारे ४,२०० चौरस सेंटिमीटर होतो. हवा आत यायला एक आणि बाहेर जायला एक अशी ६५ मिलिमीटरची दोन भोकं पाडली, की ती दीड टक्क्याहून जास्त झाली. जाड प्लायवुडवर केलेला सगळा खर्च त्या दोन भोकांतून निघून जातो. पेटी करूनही आवाज कमी झाला नाही अशी तक्रार असते, तेव्हा आधी भोकं पाहावीत.

बाहेरून १८ मिलिमीटरचं प्लायवुड, त्याच्या आत ८ मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड, आणि त्याच्या आत ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर). (वरचं माप रॉकवूलच्या आतलं आहे.) सिमेंट बोर्ड वजन देतो आणि आगही अडवतो. रॉकवूलवर काचेच्या धाग्याचं कापड ताणून बसवा, नाहीतर त्याचे तंतू हवेबरोबर गॅपमध्ये येतील. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घाला. स्टुडिओत लावतात तो फोम स्वस्त आणि देखणा दिसतो, पण तो पेट घेतो आणि ओझोनने झडतो. ठिणगीच्या पेटीत त्याला जागा नाही.

गॅपचा आवाज बहुतांशी वरच्या पट्टीतला, चिरका असतो आणि असा आवाज रॉकवूल चांगला शोषतं. त्यामुळे आपलं काम स्पीकरची घरघर अडवण्यापेक्षा बरंच सोपं आहे.

नळ्यांची हायलम शीट पेटीच्या मधोमध आडवी बसवा, म्हणजे वर एक कप्पा आणि खाली एक कप्पा होईल. शीटच्या कडा सिलिकॉनने बंद करा. आता वरून खाली जाणारी सगळी हवा चिरांमधूनच, म्हणजे नेमकी फटींमधूनच जाते. वाया जाणारी हवा नाही, त्यामुळे कमी हवेत काम भागतं. विजेची दोन टोकं बाहेर काढायला पेटीच्या एका बाजूला हायलमची छोटी खिडकी करून त्यात पितळी बोल्ट बसवा. दोन बोल्टांत किमान ८ सेंटिमीटर अंतर ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर आणखी जास्त.

झाकणाच्या कडेला दाराला लावतात ती रबरी पट्टी चिकटवा आणि चार कोपऱ्यांना दाबून धरणाऱ्या कड्या लावा. झाकणाखाली एक मायक्रोस्विच असा बसवा की झाकण उघडलं की कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) सुटून मेन्स बंद होईल. ठिणगी पाहायची असेल तर ५ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचा हातभर नव्हे, तळहाताएवढाही नव्हे, जेमतेम आगपेटीएवढा तुकडा पुरे. तो अतिनील किरण अडवतो, पण प्रकाश प्रखर असतो, तेव्हा टक लावून पाहू नका. पेटीखाली रबरी पाय हवेत, नाहीतर टेबलच आवाज पसरवतं.

चौथी पायरी: हवेची वाट

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा.

वरच्या कप्प्यात हवा येण्याच्या भोकाला सरळ वाट देऊ नका. पेटीच्या बाजूला एक अरुंद लांबट खोका जोडा आणि आत आडव्या फळ्या बसवून हवेला तीन वळणं घ्यायला लावा. प्रत्येक वळणाच्या भिंतीला २५ मिलिमीटर रॉकवूल लावा. हवा वळते. चिरका आवाज प्रत्येक भिंतीवर आपटतो आणि थोडा थोडा शोषला जातो. वाटेची रुंदी कुठेही भोकापेक्षा कमी होऊ देऊ नका, नाहीतर हवा अडेल आणि शिट्टीसारखा आवाज सुरू होईल. भोकातून पाहिल्यावर नळ्या दिसत असतील, तर आवाजही तिथूनच सरळ बाहेर येणार.

खालच्या कप्प्यातून हवा खेचायला पंखा हवा, पण संगणकाचा चपटा पंखा नको. अरुंद चिरांमधून हवा ओढायची ताकद त्याच्यात नसते, आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक सर्किट कॉइलच्या उच्च वारंवारतेच्या लहरींनी मरतं. २३० व्होल्टचा छोटा ब्लोअर घ्या. तो पेटीला न लावता मीटरभर लवचिक पाइपच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी ठेवा. पाइपमध्ये एक वळण आणि त्याभोवती रॉकवूलचा थर. व्हॅक्यूम क्लीनर जोडण्याची पद्धत जुनी आहे आणि ठिणगी उत्तम विझते, पण मग क्लीनरचाच आवाज ऐकत बसावं लागतं.

हवा खिडकीबाहेरच सोडायची. ठिणगीमुळे हवेत ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत. खोलीत तिखट वास यायला लागला तर कॉइल बंद करून वाट कुठे फुटली आहे ते शोधा. पेटी पूर्ण बंद करून पंखाच टाळावा असं काही जण सुचवतात. टेलिफुंकेनच्या बंद चकत्यांना ते जमत होतं, कारण त्यांची रचना आणि कूलिंग त्यासाठीच होतं. आपल्या नळ्या बंद पेटीत लगेच तापतात, क्वेंचिंग बिघडतं, आणि ऑक्साइडला ओलावा मिळून तयार झालेलं नायट्रिक आम्ल तांबं हिरवं करून टाकतं.

पाचवी पायरी: चालवणं आणि तपासणं

पहिल्यांदा पूर्ण जोडणी केल्यावर डिमरस्टॅट निम्म्याच्या आसपास ठेवून सुरुवात करा. ब्लोअर आधी सुरू, कॉइल नंतर. बंद करताना उलट क्रम, आणि ब्लोअर आणखी एक-दोन मिनिटं चालू द्या. अर्धा मिनिट चालवून दोन मिनिटं विश्रांती, हे सुरुवातीला बरं.

फरक मोजायला फोनवरचं ध्वनिमापक ॲप पुरतं. आकडा अचूक नसला तरी तुलना खरी असते. फोन तीन मीटर लांब, दर वेळी त्याच जागी ठेवा. मायक्रोस्विचला फसवून झाकण उघडं ठेवून मोजू नका. त्याऐवजी हवेची वाट जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर मोजा. वरच्या ठिणग्यांची तडतड दोन्ही वेळा असणारच. एका मर्यादेनंतर पेटीत काहीही सुधारलं तरी आकडा हलत नाही. त्याचा अर्थ गॅपचा आवाज आता वरच्या आवाजाखाली गेला आहे आणि पेटीचं काम झालं आहे.

आवाज अचानक बदलला तर त्याकडे लक्ष द्या. सलग करकर तुटक झाली तर एखादी फट रुंदावली असेल किंवा नळीवर काजळी साचली असेल. आवाज मंद होऊन वरच्या ठिणग्या आखडल्या, तर नळ्या तापून ठिणगी विझेनाशी झाली आहे. हवा तपासा.

काही तास चालवल्यावर प्लग काढून, कपॅसिटर शॉर्ट करून पेटी उघडा. नळ्यांवरचे काळे-हिरवे डाग पॉलिश पेपरने काढा आणि नळ्या थोड्या फिरवून ताजा पृष्ठभाग समोर आणा. भोकांमुळे पूर्ण फिरवता येत नाहीत, पण लांबट भोकांतून दोन टोकं उलटसुलट करता येतात. हायलमवर बसलेली तांब्याची भुकटी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, विशेषतः पावसाळ्यात, कारण ओल आणि भुकटी मिळून शीटवरूनच करंट पळवतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं तर झाकण उघडं ठेवून पेटी पूर्ण वाळू द्या आणि कॉइल सुरू करण्याआधी ब्लोअर पाच मिनिटं चालवा. अल्कोहोलच्या वाफेने भरलेल्या बंद पेटीत ठिणगी पडली तर स्फोट होतो. त्यानंतर फीलर गेजने पाचही फटी पुन्हा मोजून घ्या.